परवाना क्रमांक एक

१९९३ सालच्या नोव्हेंबर महिन्याचा शेवटचा दिवस. कर्जत तालुक्यातल्या कळंब गावी, आमच्या बँकेच्या शाखेत मी तेव्हा अधिकारी होतो. भाताची कापणी आटोपून खळ्यांवर झोडणी चालू होती, त्यामुळे काउंटरवर वर्दळ नव्हती. मुंबईची वर्तमानपत्रे नेरळमार्गे यायची आणि आमच्या हाती पडेपर्यंत दहा-साडेदहा होत. त्या दिवशी पहिल्या पानावर मोठी बातमी होती. जे. आर. डी. टाटा आदल्या दिवशी जिनिव्हात वारले होते.

शिपाईमामांनी चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता छायाचित्राकडे पाहिले आणि हे कोण म्हणून विचारले. टाटा, असे मी सांगताच त्यांचा चेहरा उजळला. टाटा त्यांना चांगले ठाऊक होते! भिवपुरीचे टाटांचे वीजघर आमच्याच तालुक्यातले. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी मोठमोठ्या नळांतून खाली सोडून तिथे १९२२ पासून वीज तयार होते आहे. त्याच्याही आधी, १९१५ साली, शेजारच्या खालापूर तालुक्यात खोपोलीचे वीजघर सुरू झाले. तेव्हा टाटा म्हणजे वीज, असा मामांचा सरळ हिशेब. मग हे साहेब वीजघरात कामाला होते का, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, तसे नव्हे, हे मोठे कारखानदार. पण त्यांना खरी आवड होती विमान चालवण्याची. आपल्या देशात वैमानिकाचा परवाना पहिल्यांदा कुणाला मिळाला, तर यांना.

मामा क्षणभर थांबले. एवढा पैसा असून स्वतः कशाला चालवायचे, ड्रायव्हर नाही का ठेवता आला, असा त्यांचा पुढचा प्रश्न!

मी हसलो, चहा प्यायलो आणि खतावणीत डोके घातले. पण तो साधा प्रश्न गेली तीस-बत्तीस वर्षे माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे. आज त्याचे उत्तर द्यावे म्हणतो. मामा आता हयात नाहीत. तेव्हा तुम्हालाच सांगतो.

प्रश्न मला लागला, त्याचे कारण शाखेच्या दारातच उभे होते. माझी जुनी, दुसऱ्या हाताने घेतलेली येझदी मोटरसायकल! तिशीतला बँक अधिकारी, घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी, डोक्यावर सोसायटीचे कर्ज. आठवडाभर मी लोकांना तारण विचारायचो, जामीनदार मागायचो, हप्ते चुकले की नोटिसा काढायचो. पण रविवार उजाडला की मी निराळा माणूस होत असे. पहाटे येझदीला किक मारायची, कशेळेमार्गे खांडस गाठायचे, एखाद्या ओळखीच्या अंगणात गाडी लावायची आणि शिडीच्या घाटाने भीमाशंकरची वाट धरायची. लोखंडी शिड्या, ओला कातळ, खाली दरी, वर ढग. उतरताना गणपतीच्या घाटाची सोपी वाट. संध्याकाळी घरी पोचताना पायांचे तुकडे पडलेले असत आणि मन मात्र पिसासारखे हलके. हे सगळे कशासाठी, असे विचारले असते तर मलाही सांगता आले नसते. त्यामुळे त्या दिवशी बातमी वाचताना मला त्या माणसाच्या पोलादाच्या कारखान्याचे फारसे काही वाटले नाही. वाटले ते त्याच्या हौसेबद्दल. त्यानंतर हाती लागेल ते मी त्याच्याविषयी वाचत गेलो.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांच्या नात्यातले आणि भागीदार. आई सुझान ही फ्रेंच. लग्नानंतर तिने पारशी धर्म स्वीकारला आणि सुनी हे नाव घेतले. १९०५ च्या सुमारास हिंदुस्थानात मोटार चालवणारी ती पहिली स्त्री, असे तिच्याविषयी सांगतात. घोड्यांच्या बग्ग्यांनी भरलेल्या मुंबईत चाकामागे बसलेली ती फ्रेंच बाई डोळ्यांपुढे आणा, म्हणजे मुलाच्या रक्तात काय आले असेल याची कल्पना येईल. घरात मुलाला जेह म्हणत.

उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्देलो नावाच्या गावी राही. योगायोग असा, की लुई ब्लेरियो यांचे घरही तिथेच होते. हे ब्लेरियो म्हणजे १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारे पहिले वीर. त्यांचा मुलगा जेहच्या खेळगड्यांपैकी एक. वाळूच्या किनाऱ्यावर विमाने उतरत आणि पोरे तोंडात बोटे घालून पाहत. पुढे पंधराव्या वर्षी जेहला विमानात बसून एक फेरी मारायला मिळाली आणि त्याच दिवशी त्याने मनाशी ठरवले, की हे आपण शिकायचे. ठरवले खरे, पण शिकायला मिळेपर्यंत दहा वर्षे जावी लागली.

त्या दहा वर्षांत बरेच काही घडले. शिक्षण कधी पॅरिसला, कधी मुंबईला, मध्ये काही काळ जपानला. १९२३ साली आई गेली. विसाव्या वर्षी फ्रेंच नागरिक म्हणून लष्करात नोकरी करावी लागली. मुदत वाढवून तिथेच राहण्याची त्याची इच्छा होती. वडिलांनी ती मोडून काढली. पुढे त्याची तुकडी मोरोक्कोत कापली गेली. केंब्रिजला जाऊन इंजिनीअर व्हायचे होते, तेही राहिले. वडिलांनी १९२५ साली मुंबईला बोलावून घेतले आणि टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवारीला बसवले. पुढच्याच वर्षी वडील वारले. बाविसाव्या वर्षी घरातला कर्ता पुरुष! पाठीवर भावंडे, अंगावर देणी, आणि भाषा व चालीरीती अजून पुरत्या आपल्याशा न झालेल्या देशात नवा संसार.

अशा वेळी तुम्ही-आम्ही काय करतो? हौसमौज गुंडाळून ठेवतो. जे.आर.डीं.नी तसे केले नाही. त्यांनी निळी बुगाटी मोटार बाळगली.

बुगाटी ही शर्यतीच्या जातकुळीतली गाडी. त्या काळी वाशीचा पूल नव्हता. तो झाला १९७३ साली. मुंबईहून पुण्याला जायचे तर ठाणे, मुंब्रा, पनवेल करीत चौक आणि खोपोलीवरून, म्हणजे आमच्या खालापूर तालुक्यातून, बोरघाट चढायचा. घाटातला गाडीरस्ता १८३० सालचा, बैलगाड्या आणि तोफा चढाव्यात म्हणून केलेला. त्या वळणांवरून हा तरुण वेगाची हौस भागवायला पुण्याकडे सुटत असे. बैलांनी आणि गाडीवानांनी काय म्हटले असेल, याची इतिहासात नोंद नाही!

वेगापायी एकदा प्रकरण पोलिसांत गेले. बेफाम गाडी चालवल्याचा आरोप आला. बचावासाठी त्यांनी मुंबईतले नामांकित वकील जॅक विकाजी यांना गाठले आणि त्या निमित्ताने वकीलसाहेबांच्या पुतणीशी, थेल्माशी, ओळख झाली. १५ डिसेंबर १९३० रोजी दोघांचे लग्न झाले. मोटारीच्या वेगाने दंडाऐवजी बायको मिळवून दिल्याचे उदाहरण विरळाच. पण कौतुकाच्या भरात एक गोष्ट विसरू नये. तो वेग चुकीचाच होता. श्रीमंताघरच्या पोराला रस्ता आपल्या बापाचा वाटतो, तसलाच तो प्रकार होता. जे.आर.डीं.चे मोठेपण मला दिसते ते त्यापुढच्या गोष्टीत. या माणसाला वेगाच्या नादातून शिस्त सापडली, आणि ती त्याला विमानाने शिकवली.

मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला तेव्हा ते लगेच दाखल झाले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यावर आकडा होता एक. हिंदुस्थानात दिला गेलेला तो पहिला परवाना. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले. त्यांची बहीण सिलाही विमान चालवायला शिकली; परवाना मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत तिचे नाव आहे.

मोटारीत चूक झाली तर ती निदान रस्त्याच्या कडेला उभी करता येते. विमानात कडा नसते. तेल किती, वारा कुठला, प्लग स्वच्छ आहेत की नाहीत, उतरायची जागा कुठे, हे सारे जमिनीवर असतानाच पाहावे लागते. तेव्हाच्या त्या लाकडी-कापडी विमानात रेडिओ नव्हता, थंडीवाऱ्याला आडोसा नव्हता. वैमानिक मांडीवर नकाशा ठेवून नद्या आणि रेल्वेचे रूळ पाहत जायचा.

त्याच सुमारास आगाखानांनी पाचशे पौंडांचे बक्षीस जाहीर केले. हिंदुस्थान ते इंग्लंड हा प्रवास, इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे, ठरल्या मुदतीत एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळायचे होते. मनमोहन सिंग, अ‍ॅस्पी इंजिनिअर आणि जे.आर.डी. असे तिघे स्पर्धक. मे १९३० मध्ये जे.आर.डी. कराचीहून निघाले, अ‍ॅस्पी इंग्लंडहून इकडे येत होता. अ‍ॅस्पी तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा पोरगा. दोघांची गाठ इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाजवळच्या अबूकीरच्या विमानतळावर पडली. अ‍ॅस्पी हताश होऊन बसला होता. स्पार्क प्लग निकामी झाला होता आणि जवळ जादा प्लग नव्हते. जे.आर.डीं.नी आपल्याकडचे जादा प्लग काढून त्याला दिले आणि स्वतः पुढे निघाले.

अ‍ॅस्पीने स्पर्धा जिंकली, जे.आर.डी. काही तासांनी मागे पडले. मनमोहन सिंग मुदतीच्या अटीत बसू शकले नाहीत. तोच अ‍ॅस्पी पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. या प्रसंगातला दिलदारपणा सर्वांनाच दिसतो. मला, माझ्या बँकेच्या सवयीमुळे असेल, त्यातली आणखी एक गोष्ट दिसते. देण्यासाठी जवळ असावे लागते! जादा प्लग बरोबर घेण्याची खबरदारी जे.आर.डीं.नी घेतली होती, म्हणून दिलदारी करता आली. बुगाटीवाल्या पोराचा वैमानिक झाला तो असा.

आता हौसेचे काम कसे झाले ते पाहा. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा एक वैमानिक, ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला, टाटांकडे एक योजना घेऊन आला. लंडनहून विमानाने येणारे टपाल कराचीपर्यंत पोचत असे. तिथून पुढे ते आगगाडीने जाण्याऐवजी आपण छोट्या विमानांनी अहमदाबाद, मुंबई, मद्रासला नेऊ या, असे त्याचे म्हणणे. जे.आर.डीं.ना ही योजना आवडली नसती तरच नवल. तेव्हाचे प्रमुख सर दोराबजी टाटा यांचे मन वळवावे लागले. दोन लाख रुपये भांडवल ठरले. सरकारकडे अनुदान मागितले, ते मिळाले नाही. मग बिनअनुदानाचा करार झाला. मी त्या काळी कर्जविभागात असतो आणि हा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर खरे सांगतो, नामंजूर असा शेरा मारून परत पाठवला असता. तारण काय, तर दोन छोटी विमाने! अनुभव काय, तर हौस!

१५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी जे.आर.डी. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून पुस मॉथ जातीच्या विमानाने टपाल घेऊन निघाले. अहमदाबादेत पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणलेले होते. दुपारी ते जुहूला उतरले. तिथून पुढे मद्रासकडे व्हिन्सेंट निघाला, बेल्लारीला मुक्काम करून. एका इंजिनाचे ते विमान सह्याद्रीच्या अंगावरून पलीकडे गेले. ज्या घाटांतून पिढ्यान्‌पिढ्या टपाल पायी, घोड्यावरून, टांग्यातून आणि १८६३ नंतर आगगाडीने चढत होते, त्या घाटांना टपालाने प्रथमच खाली टाकले.

जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्रकाठचे मैदान आणि एक झापांची शेड. पावसाळ्यात तिथे पाणी भरे. मग सारा कारभार पुण्याला न्यावा लागे. आमच्या भागातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना, जुलै महिन्यात एका इंजिनाच्या विमानातून पुण्याच्या आसपास उडणे म्हणजे काय, हे सांगायला नको. माथेरान, पदरगड, तुंगी, सारे डोंगर आठ-आठ दिवस ढगांत बुडालेले असतात. तरीही पहिल्या वर्षी टपाल एकदाही उशिरा पोचले नाही. एक लाख साठ हजार मैल उड्डाण, १५५ प्रवासी, साडेदहा टनांहून अधिक टपाल आणि वर साठ हजार रुपये नफा! माझा नामंजुरीचा शेरा मी मुकाट्याने खोडतो.

पण जोखीम ही नुसती शोभेची नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ जिमी १९३६ साली विमान अपघातात गेला. व्हिन्सेंट १९४२ साली, युद्धाच्या धामधुमीत, विमानातूनच नाहीसा झाला. हे दोन मृत्यू जे.आर.डीं.नी पाहिले आणि तरी उडणे सोडले नाही. माझी ही कहाणी इथेच अडखळते, कारण मी सोडले होते.

१९९४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. एका रविवारी खांडसहून परतताना कशेळ्याच्या अलीकडे एका वळणावर येझदी घसरली. मी रस्त्याच्या कडेला, गाडी भाताच्या खाचरात. मनगट मोडले, हनुवटीला चार टाके पडले. शेतात लावणीला आलेल्या माणसांनी मला उचलले आणि टेंपोत घालून कर्जतला पोचवले. घरी रडारड झाली. प्लास्टर निघाल्यावर मी येझदी विकून टाकली, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिलो, की संसारी माणसाने असले नाद करू नयेत. लोक माना डोलवीत. समंजस म्हणून माझी थोडी वाहवाही झाली.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. आज प्रथम लिहितो आहे. मागचा टायर पार गुळगुळीत झाला होता आणि ते मला सहा महिन्यांपासून माहीत होते. नेरळच्या मेकॅनिकने दोनदा बजावले होते. दर शनिवारी मी म्हणायचो, पुढच्या पगारावर पाहू. मला पाडले ते हौसेने नव्हे, माझ्या हयगयीने. लोकांच्या कर्जप्रकरणात सातबाऱ्यापासून सगळे कागद तीनदा तपासणारा मी, स्वतःच्या जिवाचा कागद एकदाही तपासला नव्हता. आणि शिक्षा दिली ती हौसेला!

जे.आर.डीं.चे पुढचे आयुष्य वाचताना हे मला फार बोचत गेले. १९३८ साली, चौतीस वर्षांचे असताना, ते टाटा समूहाचे प्रमुख झाले आणि १९९१ पर्यंत राहिले. पोलाद, रसायने, मोटारी, कॅन्सरचे रुग्णालय, मूलभूत संशोधनाची संस्था, किती म्हणून सांगावे? पण जीव गुंतला होता तो विमानांत. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा ते स्वतः त्यात होते. प्रवासात ते गप्प बसत नसत. चहाचा रंग, पडद्यांचे कापड, काउंटरवरची धूळ, काही सुटत नसे. सगळ्याची टिपणे काढून खात्यांकडे पाठवली जात. लोकांना ती मोठ्या साहेबाची खोड वाटली असेल. मला ते अबूकीरचे जादा प्लग वाटतात.

१९५३ साली सरकारने विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. जे.आर.डीं.ना ते मान्य नव्हते, तरी विनंतीवरून ते एअर इंडियाचे अध्यक्ष राहिले, मानधनाविना. पंचवीस वर्षे गेली. फेब्रुवारी १९७८ मध्ये, मोरारजी देसाईंच्या सरकारने त्यांना त्या पदावरून अचानक दूर केले. स्वतःच्या हाताने लावलेले झाड, आणि त्याच्या सावलीतून उठवले गेले. वय त्र्याहत्तर. १९८० मध्ये त्यांना संचालक मंडळावर परत घेतले गेले, पण अध्यक्षपद गेले ते गेलेच.

मी निवृत्त झालो त्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणे झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मला काय करावे ते कळेना. चाळीस वर्षांच्या नोकरीत स्वतःचे असे काही मी राखलेच नव्हते. लिहिण्याने हात दिला, नाहीतर कठीण होते. अशा वेळी मला १९७८ सालचे जे.आर.डी. आठवतात, आणि त्याहून अधिक १९८२ सालचे.

१५ ऑक्टोबर १९८२. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा म्हातारा कराचीला गेला आणि लेपर्ड मॉथ जातीच्या जुन्या, एका इंजिनाच्या विमानात बसून, अहमदाबादमार्गे जुहूला एकटा उडत आला. १९६२ साली, तीस वर्षे झाली तेव्हाही त्यांनी असेच केले होते. पण १९६२ मध्ये ते एअर इंडियाचे अध्यक्ष होते. १९८२ मध्ये नव्हते. कंपनी सरकारची होती, खुर्ची दुसऱ्याची होती. आकाश तेवढे अजून त्यांचे होते. पद काढून घेता येते. परवाना क्रमांक एक कुणाला काढून घेता आला नाही. तो हौसेच्या वाटेने आलेला होता आणि डोळ्यांत तेल घालून जपलेला होता.

बर्फावरून घसरण्याचा स्कीइंगचा खेळही ते उतारवयापर्यंत खेळत राहिले. घरी छोटेसे वर्कशॉप होते, तिथे हाताने वस्तू घडवीत बसत. मुंबईत ऑफिसला जाताना स्वतः मोटार चालवीत आणि बसस्टॉपवर उभ्या असलेल्या कुणालातरी बरोबर घेत. एकेकाळी याच शहरात बेफाम वेगासाठी खटल्यात सापडलेला तो तरुण! १९९२ साली त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी ते गेले आणि पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत, आईवडिलांच्या शेजारी विसावले. त्यांची एअर इंडिया २०२२ च्या जानेवारीत पुन्हा टाटांकडे आली; ते पाहायला ते नव्हते.

गेल्या दिवाळीनंतर लेकीने मला कळंबला नेले. गाडी तिचीच, चालवतही तीच होती. येझदी विकली तेव्हा तीन वर्षांची होती ती. आता सुटीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर गड चढते, घाट पालथे घालते. मी आतापर्यंत तिच्या प्रत्येक सहलीला नाक मुरडले होते.

कळंबचा रस्ता ओळखू येत नव्हता. शनिवार-रविवारी नेरळ, कशेळे, कर्जत या सगळ्या वाटांवर मोटारी आणि मोटरसायकलींची रांग असते. शेतांच्या जागी फार्महाऊस उठली आहेत. पावसाळ्यात धबधब्यांखाली जत्रा भरते, आणि एखाद-दुसरा तरुण त्यात दरसाल बुडतो किंवा कड्यावरून पडतो. मग त्याला काढायला उतरतात जवळच्या वाडीतली ठाकर-कातकऱ्यांची पोरे, ज्यांनी हे डोंगर हौसेने कधी चढलेले नसतात. लाकूडफाटा, मध, करवंदे यांच्यासाठी चढलेले असतात. आपली हौस दुसऱ्याच्या गळ्यात पडू नये, एवढे तरी हौशी माणसाने पाहायला हवे. भोवतालच्या या गर्दीत मला अनेक बुगाट्या दिसल्या. जादा प्लग बाळगणारे किती असतील, हा विचार मनात येत राहिला.

परत निघताना लेक गाडीत बसली नाही. आधी तिने गाडीभोवती एक फेरी मारली, चारही टायरना पायाने दाबून पाहिले, खाली वाकून काहीतरी निरखले आणि मगच दार उघडले. मी विचारले, हे काय? ती म्हणाली, हे तर मी नेहमीच करते. मी काही बोललो नाही. माझ्या हनुवटीवरची जुनी खूण मात्र चाचपून पाहिली.

तर मामा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. ड्रायव्हर ठेवता आला असता. पैसा होताच. पण दुसऱ्याने चालवलेल्या गाडीतून माणूस नुसता पोचतो. स्वतः चालवली, की टायर आपला, तेल आपले, चूक आपली आणि वाटही आपली. त्या माणसाला पोचायची तेवढी घाई नव्हती, जेवढी चालवायची ओढ होती. आणि चालवता चालवता त्याने इतरांची पत्रे पोचवली, हा आपल्या सगळ्यांचा फायदा.

मी गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातले. वय पासष्टच्या पुढे. शिकवणारा पंचवीस वर्षांचा आहे, मला काका म्हणतो आणि क्लच सोडताना माझ्या पायाकडे धास्तावून पाहतो. घरात कुणाला हे फारसे पसंत नाही. पण सकाळी सहा वाजता, गाडीत बसण्याआधी, मी तिच्याभोवती एक फेरी मारतो आणि चारही टायर दाबून पाहतो. तो म्हणतो, काका, ते मी पाहिलेय. मी म्हणतो, असू दे, मलाही पाहू दे.